‘मधुबालाचीं गाणीं’: एका वहीच्या आधारें कर्तृत्वनिर्णयाचा विचार

मोडी कागदांच्या शोधांत हिंडणारास जें हवें तें न मिळतां भलतेंच कांहीं हातीं लागतें, हा अनुभव मंडळाच्या बहुतेक सभासदांस असेल. सुमारें दोन वर्षांपूर्वीं सातारा येथें एका रद्दीच्या दुकानांत आम्हांस एक जुना रुमाल दिसला. वरचे कागद मोडी होते, तेवढ्यावरून आम्हीं तो न सोडतांच वजनावर विकत घेतला. घरीं येऊन पाहतां मोडी कागद अवघे नऊ निघाले, आणि तेहि किराणा मालाच्या याद्या. त्यांखालीं हिंदी बोलपटांच्या गाण्यांच्या सतरा चोपड्या व एक हातानें लिहिलेली वही होती. आम्हांस खेद झाला हें कबूल करणें भाग आहे. पंधरा दिवस रुमाल तसाच पडून राहिला. पुढें एकदां वही सहज चाळीत असतां तींत अशी एक नोंद आढळली कीं, तिचा उलगडा करण्यांत आमचा सबंध पावसाळा गेला. विषय सिनेमाचा म्हणून कोणी नाक मुरडूं नये. कर्त्याचें नांव कसें लोपतें, कसें बदलतें व पुन्हां कसें उजेडांत येतें, हा प्रश्न पोथ्यांइतकाच येथेंहि आहे. फरक इतकाच कीं, पोथींत जें घडण्यास तीन शतकें लागतात तें येथें वीस वर्षांत घडलेलें दिसतें.

प्रथम वहीचें वर्णन देतों. लांबी ८ इंच, रुंदी ६॥ इंच. कागद रेघी, बांधणी पुठ्ठ्याची, पाठीस खादीसारखें जाड कापड. पानें ९६, पैकीं पहिलें फाडलेलें असल्यामुळें मालकाचें नांव गेलें आहे. वही दोन्ही बाजूंनीं लिहिलेली आहे. एका बाजूनें घरखर्चाच्या नोंदी मोडींत, सराईत व कांहींशा घाईच्या हातानें. उलट बाजूनें बाळबोधींत गाण्यांच्या नोंदी. हा हात निराळा, अक्षर गोल व सावकाश. ह्या नोंदी सन १९५० पासून १९६९ पर्यंतच्या आहेत. प्रत्येक नोंदींत तारीख, वार, गाणें कोठें ऐकलें, चित्रपटाचें नांव व गाणाराचें नांव असे पांच रकाने आहेत. वीस तारखांचे वार आम्हीं ताडून पाहिले. एकहि चुकला नाहीं. उदाहरणार्थ, ‘मुग़ल-ए-आज़म’ मुंबईस मराठा मंदिरांत लागल्याची नोंद ‘ता. ५ ऑगस्ट १९६०, शुक्रवार’ अशी आहे, व ती तारीख आणि वार दोन्ही बरोबर आहेत. लिहिणाराच्या काटेकोरपणाविषयीं आमची खात्री पटली ती येथें.

नोंदींची मांडणी मात्र तारीखवार नाहीं, नट्यांच्या नांवांखालीं आहे. ‘सुरैयाचीं गाणीं’, ‘नर्गिसचीं गाणीं’ असे मथळे असून सर्वांत मोठा भाग ‘मधुबालाचीं गाणीं’ ह्या मथळ्याचा आहे. त्या भागांतली पहिलीच नोंद ‘महल’ ह्या १९४९ सालच्या चित्रपटाची. तेथें गाणाराच्या रकान्यांत निळ्याकाळ्या शाईनें ‘कामिनी’ असें लिहिलेलें असून तें एका रेघेनें खोडलें आहे, आणि वरच्या बाजूस त्याच वळणाच्या अक्षरांत, परंतु बॉलपेननें, ‘लता मंगेशकर’ असें लिहिलें आहे. म्हणजे एका गाण्यास तीन नांवें झालीं: मथळ्यांत मधुबाला, मूळ पाठांत कामिनी, शोधित पाठांत लता मंगेशकर. ह्यांपैकीं गाणें कोणाचें?

बोलपटाची कृति ज्यांस परिचित नाहीं त्यांच्यासाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. हिंदी बोलपटाचा आरंभ १४ मार्च १९३१ रोजीं ‘आलम आरा’पासून झाला. आरंभींच्या काळांत जो नट पडद्यावर दिसे तोच गाई. छबी व आवाज एकाच वेळीं उतरवून घेत. त्यामुळें गळा नसलेल्यास नायकाचें काम मिळणें कठीण असे. आपल्याकडील संगीत नाटकाची रीत हीच असल्यानें कोणास त्यांत नवल वाटलें नाहीं. सन १९३५ मध्यें कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनें नितीन बोस ह्यांच्या दिग्दर्शनाखालीं ‘धूप छांव’ काढला, त्यांत रायचंद बोराल ह्यांनीं गाणें आधीं निराळें मुद्रित करून नटानें त्यावर केवळ ओंठ हालवावे अशी योजना केली. हेंच पार्श्वगायन. ही सोय झाल्यावरहि गाणाऱ्या नट-नट्या एकदम मागें पडल्या नाहींत. सैगल, नूरजहां, आमच्या प्रांतांतील शांता आपटे व त्यांच्यामागून सुरैया ह्यांनीं स्वतःचींच गाणीं गायिलीं. ऐकणाऱ्यांची समजूत अशी कायम राहिली कीं, पडद्यावर जी दिसते तीच गाते. ती समजूत मोडावी असें धंदेवाल्यांसहि फारसें वाटत नसावें.

‘महल’ची हकीकत ह्या संधिकालांतली आहे. बॉम्बे टॉकीजचा हा चित्रपट कमाल अमरोही ह्यांनीं दिग्दर्शित केला. संगीत खेमचंद प्रकाश ह्यांचें, गीतें नख्शब जारचवी ह्यांचीं. त्या वेळीं मधुबालेचें वय सोळा वर्षांचें होतें. (जन्म दिल्लीस, १४ फेब्रुवारी १९३३, मूळ नांव मुमताज जहां, बालपणीं ‘बेबी मुमताज’ ह्या नांवानें ती पडद्यावर येत असे.) लता मंगेशकर ह्यांचें वय वीस. त्या चित्रपटांतील मुख्य गाण्याची ध्वनिमुद्रिका बाजारांत आली तेव्हां तिच्या चिठ्ठीवर गाणाराचें नांव म्हणून ‘कामिनी’ छापलें होतें. रेडिओवर तें गाणें लागूं लागतांच ही कामिनी कोण, अशी विचारणा करणारीं श्रोत्यांचीं पत्रें आलीं. रेडिओवाल्यांनीं ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीस विचारलें, व त्यानंतर खरें नांव श्रोत्यांस सांगण्यांत आलें. ही हकीकत स्वतः लताबाईंनीं पुढें अनेकदां सांगितली आहे.

आमच्या वहींतील ‘कामिनी’ हा लेखनप्रमाद नव्हे, हें यावरून उघड होतें. ती चिठ्ठीवरील छापील पाठाची प्रामाणिक नक्कल आहे. परंतु गंमत याच्याहि पुढची आहे. कामिनी हें चित्रपटांतील पात्राचें नांव, एवढें सांगून लोक थांबतात. ज्यांनीं कथा लक्षपूर्वक पाहिली आहे त्यांस ठाऊक असेल कीं, त्या कथेंत कामिनी ही पूर्वीं मरून गेलेली स्त्री. तिच्या नांवानें रात्रीं गात फिरणारी वस्तुतः माळ्याची मुलगी आशा. म्हणजे ध्वनिमुद्रिकेवर जिचें नांव छापलें ती कथेच्या आंतसुद्धां गात नव्हती. आवाज लताबाईंचा, मुद्रा मधुबालेची, सोंग आशेचें, आणि श्रेय एका काल्पनिक मृत स्त्रीस! कूटलेखांच्या इतिहासांत याहून गुंतागुंतीचें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

पोथ्यांच्या अभ्यासकास ह्या प्रकाराचें आश्चर्य वाटण्याचें कारण नाहीं. नामदेवांच्या गाथेंत विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले व दोघांची मुद्रिका सारखीच असल्यामुळें ते निवडतां निवडतां विद्वान थकले. मुद्रिका म्हणजे कर्त्याची सही, असें धरून चालणारा तेथें फसतो. ध्वनिमुद्रिकेची चिठ्ठी ही तशीच मुद्रिका होय. ती कोणी, केव्हां, कोणत्या हेतूनें घातली, हें पाहिल्यावांचून तिजवर भिस्त ठेवूं नये. ‘महल’च्या बाबतींत आपलें भाग्य असें कीं, श्रोत्यांनीं वेळींच हटकलें. नामदेवांच्या बाबतींत हटकणारें कोणी नव्हतें.

आतां वहीची परीक्षा. ऐकण्याचें ठिकाण ज्या रकान्यांत दिलें आहे तो इतिहासाच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचा आहे. १९५० ते १९५२ पर्यंत ‘मुंबई रेडिओ’ व ‘शेजारचा ग्रामोफोन’ असे दोनच उल्लेख येतात. १९५२ च्या अखेरीपासून मुंबई रेडिओ नाहींसा होऊन जिकडे तिकडे ‘सिलोन’ दिसूं लागतें. कारण प्रसिद्ध आहे. त्या वर्षीं डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले व शास्त्रीय संगीताच्या कैवारानें त्यांनीं आकाशवाणीवरून चित्रपटगीतांस जवळ जवळ अर्धचंद्र दिला. श्रोते सिलोनकडे वळले. तेथें ३ डिसेंबर १९५२ पासून अमीन सायानी ह्यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पुढें ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं आकाशवाणीनें ‘विविध भारती’ काढली, आणि आमच्या वहींत त्या सालच्या दिवाळीपासून ‘वि. भा.’ हीं अक्षरें उमटतात. सरकारी धोरणाचा परिणाम एका घराच्या वहींत इतका स्वच्छ उतरलेला आम्हीं क्वचित् पाहिला आहे. केसकरांची शास्त्रीय संगीतावरील निष्ठा आम्हांस आदरणीय वाटते. परंतु त्यांच्या आज्ञेनें त्या संगीतास एकहि नवा श्रोता मिळाल्याची खूण ह्या वहींत नाहीं.

फर्माइशीच्या कार्यक्रमांतलीं श्रोत्यांचीं व गांवांचीं नांवें कांहीं ठिकाणीं समासांत टिपलेलीं आहेत. त्यांत झुमरी तिलैया वारंवार येतें. हें अभ्रकाच्या खाणींचें गांव हल्लींच्या झारखंडांत, कोडरमा जिल्ह्यांत आहे, व तेथून इतकीं पत्रें जात कीं गांवाचें नांव देशभर ठाऊक झालें. कार्ल्याच्या लेण्यांत खांबाखांबावर दात्याचें नांव व त्याबरोबर गांवाचें नांव कोरलेलें असतें. धेनुकाकट हें नांव तेथें असेंच पुन्हां पुन्हां भेटतें. मोठ्या कामांत आपलेंहि नांव कोठें तरी असावें, ही इच्छा दोन्हीकडे एकच दिसते. धेनुकाकट कोठें होतें याविषयीं अद्याप वाद आहे. झुमरी तिलैयावर ती पाळी येऊं नये म्हणून हा उल्लेख करून ठेवितों.

गाणाऱ्यांच्या नांवांतहि कालाच्या खुणा आहेत. १९५३ पूर्वींच्या नोंदींत ‘गीता रॉय’ व नंतर ‘गीता दत्त’ असें आढळतें. त्याच सालीं त्यांचा गुरु दत्त ह्यांच्याशीं विवाह झाला. मधुबालेच्या भागांत ‘तराना’ (१९५१) पुढें लता मंगेशकर, ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ (१९५५) पुढें गीता दत्त, ‘हावडा ब्रिज’ व ‘काला पानी’ (दोन्ही १९५८) पुढें आशा भोसले, ‘मुग़ल-ए-आज़म’ (१९६०) पुढें पुन्हां लता मंगेशकर, अशीं नांवें मूळच्याच शाईंत व अचूक आहेत. तीन निराळ्या गळ्यांतून एकच मुद्रा बोलली, हें लिहिणारास पक्कें ठाऊक होतें. मग मथळा तसाच कां राहिला?

येथें आम्हांस आमचीच एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. शाळेंत असतां एका विद्यार्थ्यानें निबंधांत ‘मधुबालेचें गाणें’ असा शब्दप्रयोग केला होता. आम्हीं तांबड्या शाईनें तो खोडून समासांत ‘गाणें लता मंगेशकरांचें’ असें लिहिलें, वर वर्गांत त्यावर दोन शब्द सुनावले. मुलगा कांहीं बोलला नाहीं. ही वही हातीं आल्यावर आमचा पहिला अभिप्राय तोच होता. लिहिणारा भाबडा, पडद्यास भुललेला. मथळा अज्ञानानें पडला, पुढें ज्ञान झालें तेव्हां रकाना सुधारला, मथळा सुधारावयाचा राहिला. ह्या मजकुराचें टिपण आम्हीं लिहूनहि ठेविलें होतें. तें मागें घ्यावें लागलें.

कारण असें. ‘सुरैयाचीं गाणीं’ ह्या भागांत गाणाराच्या रकान्यांत प्रत्येक ठिकाणीं एकच शब्द आहे: ‘स्वतः’. ‘दिल्लगी’, ‘बड़ी बहन’, ‘मिर्ज़ा ग़ालिब’, सर्वत्र ‘स्वतः’. ज्याला दिसणारी व गाणारी ह्यांतला भेद कळत नाहीं तो ‘स्वतः’ असें लिहीलच कशाला? भेद कळूनच मथळा घातलेला आहे.

दुसरें प्रमाण याहून बळकट आहे. मधुबालेच्या भागांत ‘चलती का नाम गाड़ी’ (१९५८) मधील पावसांतल्या रात्रीच्या गाण्याची नोंद आहे, आणि गाणारा ‘किशोरकुमार’ असा लिहिला आहे. ज्यांनीं चित्रपट पाहिला त्यांस आठवेल कीं, त्या प्रसंगीं गाडी बिघडल्यामुळें भिजत आलेली नायिका दुरुस्तीच्या कारखान्यांत थांबली आहे, व सर्व गाणें नायक म्हणतो. तिचा ओंठहि गाण्यासाठीं हालत नाहीं. ती ऐकते, रागावते, तोंड फिरविते. तसेंच ‘बरसात की रात’ (१९६०) मधलें नायकाचें गाणें: आवाज महंमद रफी ह्यांचा, पडद्यावर भारतभूषण रेडिओकेंद्रांत गात आहेत, आणि मधुबाला दूर आपल्या घरीं तें रेडिओवर ऐकत आहे. वहींत तेंहि ‘मधुबालाचीं गाणीं’ ह्या मथळ्याखालींच आहे! गाणार पुरुष, कवि साहिर, संगीत रोशन ह्यांचें. नायिकेकडे केवळ ऐकण्याचें काम. तरी गाणें तिचें.

‘मधुबालाचीं’ ह्यांतील षष्ठी कर्तरि नाहीं, संबंधाची आहे, हें इतक्यावरून ठरलें. जन्मभर विभक्ति शिकवून हें आम्हांस उशिरां सुचावें, याची लाज वाटते. ‘तिनें गायिलेलीं’ असा अर्थ आम्हींच लादला होता. लिहिणाराचा अर्थ ‘जीं ऐकतांना तिचा चेहरा समोर येतो तीं’ असा आहे.

लिहिणारा असें आम्हीं आतांपर्यंत म्हणत आलों. तेंहि चूक आहे. पान ४१ वर ‘मुग़ल-ए-आज़म’च्या नोंदीखालीं एक ओळ आहे: ‘पुण्यास गेलें तेव्हां पाहिला, शीशमहालाचें गाणें रंगांत.’ पुरुषानें ‘गेलों’ असें लिहिलें असतें. वही स्त्रीची आहे. मोडी हिशेब लिहिणारा हात घरांतल्या दुसऱ्या कोणाचा, बहुधा वडीलधाऱ्याचा. त्याच वहीची पाठ तिनें आपल्यासाठीं घेतली. एकाच ठिकाणच्या एका अनुस्वारावरून एवढें अनुमान करणें धाडसाचें आहे, असा आक्षेप येईल. म्हणून सांगतों कीं, ‘ऐकत बसलें’, ‘विसरलें होतें’ असे आणखी दोन प्रयोग पान ५३ व ६० वर आहेत. (रंगाविषयींचें तिचें म्हणणेंहि खरें आहे. तो चित्रपट मूळ कृष्णधवल असून त्यांतील शीशमहालाचा भाग रंगीत होता. सबंध चित्रपट रंगवून पुन्हां दाखविला तो २००४ सालीं.)

ह्या बाईंच्या मथळ्याचा विचार करतांना आम्हांस भरताच्या रससूत्रावरील जुना वाद आठवला. रस कोणाच्या ठिकाणीं? लोल्लट म्हणतो, मुख्यतः अनुकार्याच्या, म्हणजे रामादिकांच्या ठिकाणीं. शंकुक म्हणतो, नटाच्या ठिकाणीं प्रेक्षक तो अनुमानानें जाणतो. चित्रांतला घोडा पाहून आपण घोडाच म्हणतों तसें. भट्टनायकानें व त्याहून पुढें जाऊन अभिनवगुप्तानें तो सहृदयाच्या अंतःकरणांत नेला. चिठ्ठीवर ‘कामिनी’ छापणारा कारकून नकळत लोल्लटाचा अनुयायी होता. तांबड्या शाईनें निबंध खोडणारे आम्ही ह्या तिघांतहि बसत नाहीं. आम्हांस रस नको होता, पावती हवी होती. वहीवालीचा मथळा मात्र अभिनवगुप्तास मान्य झाला असता. प्राचीनांपुढें एक प्रश्न नव्हता: नटाचें शरीर एकीकडे व कंठ दुसरीकडे, असा प्रसंग त्यांच्यापुढें आलाच नाहीं. ‘मुग़ल-ए-आज़म’मध्यें तानसेनाचें काम सुरेंद्र ह्यांनीं केलें व आवाज बडे गुलाम अली खां ह्यांचा, सुरेंद्र हे स्वतः एके काळीं गाणारे नट म्हणून नांवाजलेले! तेथें अनुकार्य, मुद्रा व कंठ हीं तीन ठिकाणें उघड वेगळीं होतात. शंकुक असता तर त्यानें आपला घोडा पुन्हां काढला असता.

याचा अर्थ चिठ्ठीवरील नांव कोणतेंहि असो, चालेल, असा मात्र नव्हे. लताबाईंचें नांव त्या काळीं न छापणें हा अन्याय होता व तो श्रोत्यांनीं दूर करविला, हें योग्यच झालें. वहीवालीनेंहि तें नांव मागाहून आठवणीनें घातलें. बॉलपेन आपल्याकडे सर्रास झालें तें पुष्कळ उशिरां. यावरून दिसतें कीं, बऱ्याच वर्षांनीं वही पुन्हां वाचतांना तिला ती चूक सलली. दोन्ही श्रेयें तिनें आपापल्या जागीं ठेविलीं. आमची सूचना अशी कीं, गीतांची याद करणारानें कंठ, मुद्रा, पात्र, कवि व संगीतकार हे रकाने वेगळे ठेवावे, आणि प्रत्येक नांव कोणत्या आधारावरून घेतलें तें त्यापुढें लिहावें: चिठ्ठीवरून, चोपडीवरून, पडद्यावरील नामावलीवरून कीं केवळ ऐकीव.

चोपड्यांविषयीं थोडें. नाटकाच्या पद्यावल्या आपल्या संग्राहकांच्या परिचयाच्या आहेत. त्यांचाच हा धाकटा भाऊ. चित्रगृहाच्या दारांत थोडक्या पैशांत मिळणारी, आठ-बारा पानांची, मुखपृष्ठावर नटीचें चित्र, आंत पात्रांचीं नांवें, कथेचा सारांश (शेवट न सांगतां!) व गीतांचे शब्द, नागरी व उर्दू लिप्यांत, पुष्कळदां गुजराती वा रोमन लिपींतहि. कवि व संगीतकार ह्यांचीं नांवें बहुधा असतात. जुन्या चोपड्यांत गाणाराचें नांव पुष्कळदां नसतें. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सुमारें तीन-सव्वातीन मिनिटेंच मावत, त्यामुळें लांब गाण्यांचीं कडवीं गळत. म्हणून चोपडी, ध्वनिमुद्रिका व चित्रपट ह्यांत पाठभेद असतात, आणि चोपडीचा पाठ कधीं कधीं सर्वांत भरलेला निघतो. आमच्या सतरांपैकीं पांच चोपड्यांचीं मुखपृष्ठें कातरलेलीं आहेत, तींत मधुबालेच्या दोन. चित्र विकलें जातें, मजकूर रद्दींत जातो. पोथ्यांतलीं चित्रें काढून घेऊन पानें फेकून देणारांस आपण जें म्हणतों तें ह्यांसहि म्हणावयास हरकत नाहीं.

ह्या क्षेत्रांत विद्यापीठांनीं फारसें कांहीं करण्याआधीं काम केलें तें हौशी रसिकांनीं. कानपूरचे हरमंदिर सिंह ‘हमराज़’ ह्यांनीं चोपड्या, ध्वनिमुद्रिका व श्रोत्यांचीं पत्रें ह्यांच्या आधारें ‘हिंदी फिल्म गीत कोश’ दशकवार खंडांत सिद्ध केला. बोलपटाच्या आरंभापासूनच्या सालवार याद्या, आणि जेथें गाणाराचें नांव मिळालें नाहीं तेथें तसें स्पष्ट सांगण्याची रीत, हे गुण आमच्या कित्येक पोथीसूचींनीं घेण्यासारखे आहेत. पुणें येथें १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें तोंपर्यंत मूकपटांच्या व आरंभींच्या बोलपटांच्या पुष्कळ फिती नष्ट झाल्या होत्या. ‘आलम आरा’चीहि प्रत आज उपलब्ध नाहीं. त्याचीं गाणीं कोणतीं होतीं हें आपणांस कळतें तें कागदांवरूनच.

मधुबालेच्या बाबतींत दगडानेंहि साथ दिली नाहीं. तिच्या हृदयास जन्मतः छिद्र होतें. १९६० नंतर ती बहुतेक अंथरुणासच खिळून होती, व २३ फेब्रुवारी १९६९ रोजीं मुंबईस, वयाच्या छत्तिसाव्या वाढदिवसानंतर नवव्या दिवशीं, वारली. सांताक्रुझ येथील कबरस्तानांत तिची संगमरवरी कबर होती. नव्या दफनांस जागा हवी म्हणून २०१० च्या सुमारास जुन्या कबरींचें बांधकाम काढण्यांत आलें. रफी, नौशाद, साहिर ह्यांच्याबरोबर तिचीहि कबर त्यांत गेली. टपालखात्यानें २००८ सालीं तिचें तिकीट काढलें होतें, तें संग्राहकांजवळ आहे. लताबाई ६ फेब्रुवारी २०२२ रोजीं निवर्तल्या.

वहींत मधुबालेच्या भागाची शेवटची नोंद ‘ता. २४ फेब्रुवारी १९६९, सोमवार’ अशी आहे. वार जुळतो, बातमी वर्तमानपत्रांतून दुसऱ्या दिवशीं कळली असावी. चित्रपटाचा रकाना रिकामा. गाणाराचा रकाना रिकामा. ठिकाणाच्या रकान्यांत ‘घरीं’ एवढेंच आहे. त्यानंतर सुरैया व नर्गिस ह्यांच्या भागांत त्याच सालच्या चार-दोन नोंदी आहेत, ह्या भागांत नाहींत.

वही व चोपड्या आम्ही मंडळाच्या संग्रहांत देत आहों. त्यांची तपशीलवार याद वहीसोबत ठेविली आहे. ज्या सभासदांच्या संग्रहीं ‘महल’ची मुखपृष्ठासह अखंड चोपडी अथवा ‘कामिनी’ नांवाची चिठ्ठी शाबूत असलेली ध्वनिमुद्रिका असेल त्यांनीं तिचें छायाचित्र पाठविण्याची कृपा करावी. चोपडींत गाणाराचा उल्लेख आहे कीं नाहीं, तेवढें ताडून पाहावयाचें राहिलें आहे. तसेंच सातारा भागांत कोणाच्या घरीं अशीच, एका बाजूस मोडी हिशेब व दुसऱ्या बाजूस गाणीं असलेली वही असेल, किंवा अशी वही रद्दींत गेल्याचें कोणास आठवत असेल, तर आम्हांस कळवावें. फाडलेलें पहिलें पान मिळण्याची आशा आम्हीं सोडलेली नाहीं.